मागच्या खोलीतली कमिटी

१

गोळीचे वार दोन, सोमवार आणि गुरुवार. त्या दोन दिवशी चंद्रकला भाकऱ्या भराभर थापायची, केस कसेतरी बांधायची आणि कोंडूला काखोटीला मारून ओढा ओलांडायची. पलीकडे ठाणं होतं. पोलिसांचं नव्हे, तापाचं. जंगलाच्या एका ठेकेदारानं शेणवे गावाबाहेर कौलारू बंगला बांधला होता आणि लढाई सुरू झाल्यावर सोडून दिला होता. त्यात आता मुंबईहून आलेले डॉक्टर साबडे हिवतापाचा शोध लावत बसले होते. लढाईमुळे बाजारात हिवतापावरचं कोयनेल औषधालाही मिळत नव्हतं. म्हणून नवी गोळी निघाली होती, आणि तिचा गुण किती हे बघायला शेणव्यातली चाळीस पोरं घेतली होती.

घेतली म्हणजे आयांचे अंगठे घेतले. सही एकट्या चंद्रकलेची. ती मुरबाडच्या शाळेत सातवी पास झालेली, म्हणून डॉक्टरांनी तिलाच ओटीवर वही घेऊन बसवलं. पोरांच्या गळ्यात नंबराचे बिल्ले. जयराम कंपाउंडरानं पोराच्या जिभेवर गोळी ठेवायची, पोरानं घोटभर पाणी प्यायचं, चंद्रकलेनं नंबरापुढं फुली करायची.

"आली गो आली, आमची मास्तरीण आली!" शेजारची सकुबाई रांगेतून ओरडायची. तिच्या कमरेला तिची जया लोंबकळत असायची. "आणि माज्या पोराला उपाशी नाय ना आणलंस?"

माझं पोर म्हणजे कोंडू. त्याचं असं झालं होतं. चंद्रकलेची पहिली दोन तापानं गेली, एक दोन वर्षांचं होऊन, एक आठ महिन्यांचं. तिसऱ्या खेपेला गावच्या रीतीनं बाळ सुपात घातलं, सकुबाईला देऊन टाकलं आणि ओंजळभर कोंडा मोजून तिच्याकडून परत घेतलं. कोंड्याला घेतलेलं म्हणून कोंडू. असल्या टाकाऊ पोरावर कुणाची नजर जाणार? खरं नाव निराळं होतं. ते चंद्रकलेनं बाराव्या दिवशी त्याच्या कानात सांगितलं, तेवढंच. नवरा महिपत उंबरमाळीकडे रेल्वेच्या गँगवर, पंधरवड्यानं घरी यायचा. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. पोर पाच वर्षांचं झालं की मोठ्यानं बोलायचं असं तिनं ठरवलं होतं, म्हणून ते इथंही लिहिलेलं नाही.

ठाण्याच्या कागदावर सही करताना तिचा हात अडला नाही तो याचमुळे. कागदावर कोंडू होता. व्हायचं ते कोंडूचं होईल, तिच्या बाळाचं नाही. सातवी शिकलेली बाई, पण तिला असं वाटलं खरं. गावातल्या निम्म्या आयांनाही तेच वाटलं असणार. चाळिसांत तीन धोंडू होते आणि एक उकिर्डू.

शिवाय कागदात शेवटी लिहिलं होतं की मुलांच्या हितावर देखरेख करण्यास कमिटी आहे. तिनं ते सगळ्या आयांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. कमिटी म्हटल्यावर बायांच्या माना डोलल्या होत्या.

२

हळवं भात कापायला आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की जया गोळी खाताना दर वेळी आकांत करते. हातपाय झाडते, थुंकते, मग जयराम नाक दाबून पुन्हा घालतो. आणि कोंडू जीभ बाहेर काढून म्हणतो, "अजून."

गुरुवारी तिनं कोंडूच्या जिभेवरून गोळी बोटानं काढली आणि स्वतःच्या जिभेला लावली. साखर, आणि साखरेच्या आत खडू.

"जयरामभाऊ, ही कसली गोळी?"

"गोळी ती गोळी."

"जयाची कडू आहे."

"मग जयाच्या आयशीनं तक्रार करावी. तुमी कशाला करता?"

ती वही आपटून आत गेली. डॉक्टर साबडे सभ्य माणूस. उठून उभे राहिले, तिला बसा म्हणाले, सगळं समजावून सांगितलं. आणि हीच त्यांची वाईट खोड होती. चिडावं तर माणूस समजावून सांगत असायचा.

"बाई, वीस मुलांना औषध, वीस मुलांना नुसती गोळी. दोन्हींत फरक पडला तरच औषधाचा गुण कळणार ना? कुणाला कुठली, हे मी ठरवलेलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या."

"कोंडूला एकाआड एक दिवस थंडी वाजून ताप येतोय. पोटात पाणथरी चार बोटं वाढलीय."

"प्लीहा साडेचार. नोंद आहे."

"मग त्याला कडू गोळी द्या!"

"होळी झाली की सगळ्यांनाच देणार आहोत."

"होळीपर्यंत पोर राहिलं तर ना!"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला नाव काढून घ्यायचं तर घ्या, जबरदस्ती नाही. पण मग नंतरची गोळीही नाही. औषध मोजून येतं, बाजारात तर मिळतच नाही. आणि मी एकटा काय करणार? माझ्यावर कमिटी आहे. तिला विचारा."

३

डॉक्टरांच्या खोलीच्या आत मागची खोली होती. तिचं दार कायम लोटलेलं, खाली दोन बोटांची फट. जयराम कागद त्या फटीतून आत सारायचा. अर्ध्या तासानं, कधी तासानं, तोच कागद बाहेर यायचा. खाली लिहिलेलं असायचं, हरकत नाही.

पोरांचं रक्त आठवड्याला काढावं, हरकत नाही. गोड गोळीवाल्यांना ताप आला तरी दुसरं औषध देऊ नये, हरकत नाही. एका धोंडूला वाईट हुडहुडी भरली, त्याला घरी न पाठवता ठाण्यावर ठेवून तापाचा आकडा तासातासाला लिहावा, हरकत नाही. तो धोंडू वाचला, पण अजून भिंतीला धरून चालतो.

"आत कोण आहेत हो?" चंद्रकलेनं जयरामला विचारलं.

"तिघं आहेत."

"कोण तिघं?"

"मोठी माणसं असतील. आपल्याला काय करायचंय?"

"तुमी बगितलीत?"

"बाई, कमिटी बघायची नसते."

"येतात कुठनं? मी सकाळपासून ओटीवर बसलेली असते. माझ्यासमोरनं कुणी जात नाय."

"मागच्या दारानं येतात," जयराम म्हणाला आणि बाटल्या पुसायला लागला. पुसलेल्याच बाटल्या पुन्हा पुसत होता.

त्या दिवशी पट्ट्या वाळत घालायच्या निमित्तानं ती बंगल्याला वळसा घालून गेली. भर ऊन होतं. मागं चुन्याची सलग भिंत. एक लहान खिडकी, बाहेरून फळ्या ठोकलेली, आणि फळ्यांवर कुंभारमाशीनं केलेलं मातीचं घर. दार नव्हतं. पूर्वी होतं आणि मग बुजवलं, अशी खूणसुद्धा नव्हती. भिंतीच्या आतून आवाज येत होता. टक. टकटक. टक. लाकडावर हलकेच काही आपटावं तसा. शिक्के मारत असतील, ती मनात म्हणाली. आणि पहाटेच येत असतील, डॉक्टरांच्याच खोलीतून. माणसं काय भिंतीतून येतात?

अक्षर मात्र तिला खटकत राहिलं. आधी आडवी रेघ लांबच लांब ओढलेली, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलेलं. हरकतमधला र कधीकधी उलटा. मुरबाडला पहिलीतली पोरं पाटीवर काढत तसं. साहेबलोक असतील, मराठी नव्यानं शिकत असतील. असं तिनं स्वतःला पटवलं, आणि दिवसभर ती स्वतःवरच चिडत राहिली, की पटलेलं नाही तर पटवते कशाला.

४

तिनं अर्ज लिहिला. शाळेत शिकवला होता तसा, वर तारीख, डावीकडे मायना. माझा मुलगा कोंडू यास कडू गोळी मिळावी ही विनंती.

कागद आत गेला. बाहेर आला. हरकत नाही.

तिला रडूच फुटलं. ती धावत डॉक्टरांच्या टेबलाशी गेली. डॉक्टरांनी कागद वाचला, मान हलवली, आणि खणातून दुसरा कागद काढला. कोणत्याही मुलाची गोळी होळीपूर्वी बदलू नये. खाली तेच लोंबतं अक्षर. हरकत नाही.

"अहो, दोन्हीला कशी हरकत नाही?"

"कमिटीनं दोन्ही तपासलंय, बाई."

"मग खरं कुठलं?"

"आधीचं आधी," डॉक्टर म्हणाले.

मग ती शहापूरला गेली. एका गाडीवाल्याच्या हातापाया पडून, ताप उतरलेल्या दिवशी पोराला गोधडीत गुंडाळून. कचेरीत एक कारकून सुपारी कातरत होता.

"तक्रार कसली? औषध दिलं त्याची?"

"न दिल्याची."

"न दिलेल्याची तक्रार मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"पोर मरेल त्या रकान्यात लिहा!"

कारकुनानं तिच्याकडे वर बघितलं. "तोंड फार चालतं तुमचं. देखरेखीला कमिटी आहे ना तिथं?"

"आहे."

"मग झालं तर."

परत येताना गाडीत तिचे दात एकमेकांवर घासत होते. सगळे खरंच बोलत होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. ज्याला विचारावं तो बोटानं दुसरा दाखवायचा, आणि सगळ्यांची बोटं शेवटी त्या एका लोटलेल्या दाराकडे जायची. आता तुम्हीच सांगा, भिंतीवर डोकं आपटावं तर ती भिंत तरी कुणाची?

महिपत घरी आला तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शिकलेले लोक हायत. काय तरी विचार केलाच असंल ना गो त्यांनी?"



५

कार्तिकात कोंडूची पाणथरी बेंबीपर्यंत आली. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. तो आता "अजून" म्हणत नव्हता. गोळी जिभेवर ठेवली की ती तशीच विरघळायची.

चंद्रकलेनं पुन्हा अर्ज केला. या वेळी डॉक्टर थोडे हलले. त्यांनी पोराच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"एकच वाट आहे," ते म्हणाले. "विसाला वीस राहायला हवेत. कोंडू कडू गोळीत आला, तर तिकडचा कुणीतरी एक इकडे यायला हवा. कमिटी तेवढं मानेल."

"कुणी एक म्हणजे?"

"नाव तुम्ही सुचवा. मी सुचवलं तर तो पक्षपात होईल."

"मी? मी दुसऱ्याच्या पोराचं नाव देऊ?"

"नका देऊ," डॉक्टर मनापासून म्हणाले. "कुणी म्हणत नाही द्याच."

कागद आत गेला. तासाभरानं बाहेर आला. जयरामनं तिच्या हातात दिला आणि तिनं वाचला. आधी एक नाव, मग यास औषध देण्यास हरकत नाही. त्याचे ऐवजी, आणि पुढं मोकळी जागा, रेघ तेवढी ओढलेली. वाक्याच्या सुरुवातीला कोंडूचं नाव असायला हवं होतं. तिनं अर्जात कोंडूच लिहिलं होतं, तीनदा लिहिलं होतं.

तिथं कोंडू नव्हतं. तिथं ते दुसरं नाव होतं. बाराव्या दिवशी कानात सांगितलेलं. लांब रेघेला टांगलेलं, पण काना, मात्रा सगळं बरोबर.

ती ओटीच्या कडेला बसली.

"हे नाव कुणी सांगितलं?"

डॉक्टरांनी वाचलं. "छान आहे की. घरचं नाव का?"

"मी हे कुणालाच सांगितलेलं नाय. कुणालाच!"

"अर्जात लिहून गेला असाल. काळजीत होतं तसं."

तिनं अर्ज ओढून घेऊन बघितला. कोंडू, कोंडू, कोंडू. डॉक्टरांनीही बघितला. मग त्यांनी तो घडी करून खणात ठेवला, जसं काही त्यात बघण्यासारखं नव्हतंच.

आतून आवाज आला. टक. टकटक.

६

मोकळ्या जागेसाठी तिनं कुणाचंच नाव दिलं नव्हतं. पुढच्या बुधवारी दुपारी ती परत ओढ्यापलीकडे गेली. पोरं बोलावण्याचा वार नव्हता. डॉक्टर औषधांची पेटी आणायला आसनगावच्या स्टेशनावर गेले होते, जयराम ओटीवर तोंडावर पंचा घेऊन घोरत होता. कोंडूला सकाळपासून हुडहुडी भरलेली. सकुबाई त्याच्याशी बसली होती. "जा तू," ती म्हणाली होती. "तुझं काय ते बोलून ये. मी हाय ना हितं. मीच तर इकलाय तुला तो, फुकट नाय घालवायची मी." आणि कपाळावरची पट्टी पुन्हा पाण्यात बुडवली होती.

चंद्रकलेनं दार ढकललं.

तिला वाटलं होतं कडी असेल. नव्हती. इतके दिवस नुसतं लोटलेलंच होतं, कुणीही ढकलावं असं.

आत अंधार नव्हता. कौलं सरकलेली होती, त्यातून उन्हाची तिरीप टेबलावर पडली होती. टेबल मोठं, साहेबी. दाराकडे पाठ करून तीन खुर्च्या, उंच पाठीच्या. पाठींच्या वर कुणाची डोकी दिसत नव्हती. रिकाम्या आहेत, असं तिच्या मनात आलं आणि तिनं सुटकेचा श्वास घेतला. मग तिची नजर खाली गेली.

खुर्च्यांखाली पाय होते. जमिनीला न टेकणारे. एक जोडी हलत होती, टाच खुर्चीच्या पायाला लागत होती. टक. टकटक. सगळ्यात डावीकडचे पाय अगदी लहान, अजून चालायला न लागलेल्याचे. एका घोट्यात काळा दोरा, त्यात एक पांढरा मणी. असा दोरा शेणव्यात घरोघर असतो, ती स्वतःला सांगू लागली. पांढरा मणी कुणीही ओवतं. मी एकटीनंच माझ्या गेलेल्या बाळासाठी ओवला होता असं थोडंच आहे.

पाय हलायचे थांबले.

मागं कुणी वळलं नाही. टेबलावर कागदाची सळसळ झाली, टाक दौतीत बुडाल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. खोली वाट बघत होती. कशाची, ते तिला कळलं. मोकळ्या जागेची.

नाव सांगायचं नाही, तिनं ठरवलं. सांगायचं नाही आणि मनातही आणायचं नाही. ज्यांना कानातलं कळतं त्यांना मनातलंही कळेल. तिनं डोळे मिटले आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायला घेतला. शाळेत तो तिला कधी धड आला नव्हता, म्हणून तोच घेतला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा. एकशे पंचेचाळीस. एकशे चौऱ्याहत्तर. दोनशे तीन. पुढचा आकडा आठवेना. दोनशे तीन आणि एकोणतीस किती? ती थांबली असेल तर एका श्वासाइतकी. तेवढ्यात कुठूनसं तिला सकुबाईचं अंगण दिसलं, आणि अंगणात खापरीनं घर आखून लंगडी घालणारी, गुटगुटीत, बिनतापाची.

टाक चालू लागला. सावकाश, कुरकुरत. आधी एक लांब रेघ.

"नको," ती म्हणाली. "मी सांगितलं नाय. माझं तोंडसुद्धा उघडलं नाय!"

एक अक्षर झालं. दुसरं झालं. दोन अक्षरी नाव लिहायला किती वेळ लागतो?

ती मागच्या पावली बाहेर आली आणि दार होतं तसं लोटलं. जयराम घोरतच होता.

७

गुरुवारी तिनं कोंडूला खांद्यावर घालून आणलं. रांगेत त्याचा नंबर आला. जयरामनं नव्या पुडीतली गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, आणि पोरानं डोळे उघडले, तोंड वेडंवाकडं केलं आणि असा टाहो फोडला की ओटीवरची कबुतरं उडाली. थुंकू लागलं. चंद्रकलेनं त्याचं नाक दाबलं, गोळी गिळेपर्यंत सोडलं नाही. कडू होती. तिनं बोट चाटून बघितलं. खरंच कडू होती. तिला हसूही आलं आणि रडूही, आणि ती पोराचे पापे घेत सुटली.

"काय गो, कडूनं एवढा आनंद?" सकुबाई मागून म्हणाली. "खुळी झालीस काय?"

चंद्रकलेनं मागं बघितलं नाही. तिनं वही पुढं ओढली.

आता बोलायचं. तिला ठाऊक होतं, बोलायचं तर आत्ताच. पण बोलायचं कुणाकडे? डॉक्टर समजावून सांगतील. जयराम बाटल्या पुसेल. शहापूरला रकाना नाही. आणि आत नेलं, तर आत पुन्हा एक मोकळी जागा निघेल, त्या जागेवर पुन्हा कुणाचं तरी पोर. संतापानं तिच्या कानशिलांतलं रक्त उसळत होतं. डॉक्टरांवर, महिपतवर, चिठ्ठ्यांवर, न आठवलेल्या त्या एका आकड्यावर. कोंडू तिच्या मांडीवर मुसमुसत होता, जिवंत, गरम.

जया पुढं आली. सवयीनं तिनं आधीच डोळे घट्ट मिटले होते, मुठी वळल्या होत्या. जयरामनं गोळी ठेवली. जयानं एक डोळा उघडला. मग दुसरा. तोंड हललं, गाल फुगला, आणि ती आईकडे बघून हसली.

"बगितलंस का गो मास्तरीण!" सकुबाईनं पोरीला कडेवर उचलून गरागरा फिरवलं. "आज नाय रडली! शाणी झाली माजी पोर, खरंच शाणी झाली. बोल ना गो, झाली ना?"

"झाली," चंद्रकला म्हणाली, आणि जयाच्या नंबरापुढं फुली केली.